पेडलांवाचून काय अडले?

मांडीवर आडव्या ठेवलेल्या स्टील गिटारीला पेडले नसली तर ती अपुरी, असे कित्येक रसिक म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. पेडल दाबल्याने तारेचा ताण बदलून स्वरसंघात पालटतो. परंतु आमच्या रागसंगीतास स्वरसंघात नको, मींड हवी. आणि ती तारेवर सरकणाऱ्या पोलादी कांबीतूनच निघते. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काब्रा यांनी पेडलाविनाच गिटार गाती केली. साध्या साधनाचा आपणांस तिटकारा केव्हापासून? सोलापुराहून तामलवाडीवरून तुळजापुरास निघालेल्या गोंधळ्याच्या तुणतुण्याला तर एकच तार. संबळाच्या जोडीने तेवढ्यावर रात्रभर गोंधळ रंगतो. पेडले बाजारात मिळतात. मींड रियाजानेच हाती येते.