कुळथाची पिठी: दहा मिनिटांमागचं काम

आषाढात कोकणात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, पावसाने बाजारातली भाजीही रोडावलेली असते आणि घरात मात्र सगळ्यांना कडकडून भूक लागलेली असते. अशा संध्याकाळी कुळथाच्या पिठाचा डबा उघडला जातो. तीन-चार चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचं. तेलात मोहरी, हिंग, हिरवी मिरची आणि भरपूर ठेचलेली लसूण घालायची; लसणीच्या बाबतीत हात आखडायचा नाही. ती तांबूस झाली की हळद, दोन वाट्या पाणी, मीठ आणि दोन आमसुलं. आधण आलं की एका हाताने कालवण ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. पाच मिनिटं रटरटू द्यायचं, वर ओलं खोबरं नि कोथिंबीर टाकायची. ताटात मऊ भात, त्यावर गरम पिठी, बाजूला भाजलेला सुका बांगडा. तो नसेल तर पोह्याचा पापडही चालतो.

पिठी उतरवताना थोडी पातळच हवी, गार होताना ती आळते.

घाईच्या आणि काटकसरीच्या जेवणात या पिठीचा हात धरणारं दुसरं काही सापडणं कठीण. १९८३ मध्ये मॅगी भारतात आली आणि झटपट म्हणजे पाकीट, असं शहरी घरांनी धरून टाकलं. पिठीही तेवढीच झटपट आहे. फरक इतकाच की तिच्यामागचं काम कारखान्यात होत नाही, परसात आणि पडवीत होतं. भातकापणी उरकली की जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात. त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही आणि मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. काढणीनंतर मात्र खरी मेहनत सुरू होते: दाणे निवडायचे, खमंग भाजायचे, भरडायचे, पाखडून टरफलं काढायची, मग दळायचं. यातलं बहुतेक सगळं बायका करतात, तेही उन्हाळ्याच्या तलखीत चुलीसमोर बसून. स्वयंपाकघरातली दहा मिनिटं त्यांच्या त्या दिवसांवर उभी असतात.

म्हणूनच बचत गटाच्या टेबलापाशी पिठाच्या पुडीवरून होणारी घासाघीस चुकीची आहे. चार माणसांच्या पिठीला मूठ-दीड मूठ पीठ पुरतं. मागितलेली किंमत दिली तरी हे जेवण स्वस्तच पडतं.

सरकारी दफ्तरातही कुळथाची उपेक्षाच आहे. केंद्राचा हमीभाव तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर या कडधान्यांना मिळतो, कुळथाला नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे कडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तरी ही यादी लांबली नाही. वास्तविक कुळथात शंभर ग्रॅममागे सुमारे बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे तुरीच्या पंगतीला बसण्याइतकी. आणि या मातीशी त्याचं नातं फार जुनं आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने ताम्रपाषाणयुगातलं गाव उकरलं, तिथल्या जळक्या धान्यात कुळीथ सापडला. आज कर्नाटकात त्याचं हुरळी सारू होतं, उत्तराखंडात त्यालाच गहत म्हणतात आणि थंडीत त्याची डाळ शिजते. पाऊस बेभरवशाचा होत असताना इतक्या कमी पाण्यावर येणाऱ्या पिकाला हमीभाव नसावा, हे पटण्यासारखं नाही.

हल्ली कुळीथ मुतखड्यावरचं औषध म्हणून विकला जातो. मुतखड्याचं काय करायचं ते डॉक्टरांनी सांगावं. पिठी चवीसाठी खावी, तिला तेवढं कारण पुष्कळ आहे.

पीठ मिळालं नाही तर अख्खे कुळीथ कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, त्यांचं कढण करावं. रात्री भिजवलेले कुळीथ भरपूर पाण्यात मऊ शिजवायचे आणि वरचं लालसर पाणी गाळून घ्यायचं. तुपात जिरं, हिंग, ठेचलेली लसूण यांची फोडणी करून त्यावर ओतायची. मीठ घालून उकळी आणायची आणि खाली उतरवल्यावर घुसळलेलं ताक मिसळायचं. ताक घातल्यावर पुन्हा उकळलं तर ते फुटतं. सर्दीने बेजार झालेल्या माणसाला हे पेल्यातून गरमगरम द्यावं. गाळून उरलेल्या दाण्यांची कांदा-खोबरं घालून उसळ होते, ती दुसऱ्या दिवशीच्या डब्याला पुरते.