दोन इंचांचे अंतर

चातुर्मास संपला की उपवर मुलामुलींची परिचयपत्रे पुन्हा घरोघरी फिरू लागतात. खामगाव, मलकापूर, चिखली येथील पेढ्यांवर खातेवहीशेजारी ती येऊन पडतात. शिक्षण, व्यवसाय, मामाकुळ यांवरून नजर झरझर पुढे जाते आणि उंचीपाशी अडते. खामगावच्या एका घरी असेच झाले. मुलगी सनदी लेखापाल, उंची ५ फूट ५ इंच. चिखलीचे स्थळ सर्व बाबतींत जुळणारे. परंतु मुलगा ५ फूट ४. वडिलांनी ते पत्र खणात ठेवले. मुलीला विचारले नाही, मुलाला तर कळलेही नाही.

तोळ्या-माशाचा हिशेब न चुकवणारे व्यापारी या मापात मात्र हमखास चुकतात. संगणकाच्या तक्त्यात ५.१० असा आकडा भरला की शेवटचे शून्य गळते आणि पाच फूट दहा इंचांचा मुलगा पाच फूट एक इंचाचा होऊन बसतो! शिवाय मुलाच्या उंचीत बुटांची टाच मिळवण्याची रीत आहे, ती निराळीच.

मागणी असते सहा फुटी जावयाची. देशातील प्रौढ पुरुषाची सरासरी उंची मात्र सुमारे १६५ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट पाच इंच. स्त्रीची सुमारे १५२, म्हणजे जेमतेम पाच फूट. ‘नातवंडे उंच व्हावीत’ हे कारण सांगितले जाते. इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टन यांनी २०५ दांपत्ये आणि त्यांच्या नऊशेहून अधिक प्रौढ अपत्यांची मापे तपासून १८८६ मध्ये दाखवले, की फार उंच आईबापांची मुले सरासरीने त्यांच्याइतकी उंच नसतात; ती सर्वसाधारण उंचीकडे झुकतात. ठेंगण्यांच्या बाबतीत हेच उलट घडते.

चाळणी इतकी बारीक ठेवणे बुलढाणा जिल्ह्याला तर मुळीच परवडणारे नाही. २०११ च्या जनगणनेत येथे शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९०८ होत्या. ती बालके आता लग्नाच्या उंबरठ्यावर येत आहेत. ज्या घरांनी मुली नाकारल्या, तीच घरे उद्या सून शोधताना इंचपट्टी हाती धरणार काय?

शरीराचा बांधा नामकर्माचे फळ, असे आपली शास्त्रे सांगतात. श्वेतांबर परंपरेतील कूर्मापुत्र अवघे दोन हात उंच होते. त्यांना घरी राहूनच केवलज्ञान झाले आणि आईवडिलांसाठी ते नंतरही घरातच राहिले. असा पुत्र कोणत्या परिचयपत्रात मावला असता?

खामगावच्या त्या मुलीला वर्षभराने खणात बिले शोधताना ते पत्र सापडले. “बाबा, हे स्थळ मला का दाखवले नाही?” वडील म्हणाले, “तुझ्याहून एक इंच कमी आहे. तू किमान एक इंच उंच मुलगा म्हणाली होतीस.” “तेव्हा म्हणाले होते,” ती म्हणाली, “आता फोन लावा.”

फोन मुलाच्या आईने उचलला. स्थळ अजून मोकळे होते. ख्यालीखुशाली झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न आला, “मुलीची उंची किती म्हणालात?”

वडिलांनी क्षणभर मुलीकडे पाहिले आणि फोन तिच्या हाती दिला.