गुलाब की मोगरा?

रोज लावण्यासाठी एकच अत्तर ठेवायचे, तर ते गुलाबाचे की मोगऱ्याचे, हा प्रश्न कोणास रिकामटेकडेपणाचा वाटेल. आम्हांस तसा वाटत नाही. लावणाऱ्याचे नाक थोड्याच वेळात वासाला सरावते. त्यानंतर तो वास वाट्याला येतो तो लोकलमधल्या शेजाऱ्याच्या, कचेरीतल्या सहकाऱ्याच्या. रोजचे अत्तर ही केवळ आपली आवड उरत नाही ती यामुळे.

कनौजला दोन्ही अत्तरे एकाच रीतीने निघतात. तांब्याच्या देगात फुले व पाणी, झाकणाभोवती मातीचा लेप, बांबूच्या नळीवाटे वाफ भपक्यात, आणि भपक्यात चंदनाचे तेल. (चंदन महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी त्याची जागा पॅराफिनने घेतली आहे, कुपी स्वस्त मिळाली म्हणून हुरळून जाऊ नये.) फरक आहे तो फुलांच्या स्वभावात. मोगऱ्याची कळी सकाळी खुडली तरी उमलते रात्री, आणि दरवळते तेव्हाच. तिच्या गंधात इंडोल नावाचे द्रव्य असते. निव्वळ इंडोलला दुर्गंधीच म्हणावे लागेल. अत्यल्प प्रमाणात मात्र तेच मोगऱ्याला त्याची मादक, किंचित देहगंधी खोली देते. ही खोली रात्रीची आहे. दमट दुपारी, बंद खोलीत, ती अंगावर येते.

गुलाबावरचा आक्षेप आम्ही जाणतो: तो लग्नमंडपातला, गुलाबदाणीतला, फार तर सरबतातला वास. परंतु हीच त्याची लायकी नव्हे काय? गुलकंद, साबण, उदबत्ती यांतून तो इतका वापरला गेला आहे की त्याच्याकडून आता कोणी प्रसंगाची अपेक्षा करीत नाही. मोगऱ्याचे तसे नाही. चैत्र-वैशाखातला तो पहिला गजरा बारा महिने कुपीतून हुंगत राहिलो, तर वैशाखात हुंगायला काय उरेल?

म्हणून आमचे मत गुलाबाच्या बाजूने. ते आम्ही एकदा आमच्या आत्यापुढे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले. ती ऐन तिशीत विधवा झाली. पुढे हळदीकुंकवाला तिला बोलावणे आले नाही, आणि घरी गजरे आले की पुडी तिच्या हाती न देता परस्पर आतल्या खोलीत जाई. आमचे सारे विवेचन तिने शांतपणे ऐकून घेतले. ''तुम्हांला वैशाखाची वाट पाहता येते,'' एवढेच म्हणाली.

तिच्या कानात मोगऱ्याचा फाया असतो. रोज, सकाळी आठ वाजता, भर पावसाळ्यातसुद्धा. त्या खोलीत तो अंगावर येतो, हे आमचे निरीक्षण कायम आहे. आम्ही खिडकी मात्र उघडत नाही.