दोष धाग्याचा नव्हता

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात का मार खाऊ लागला, याचे एक तयार उत्तर आहे. शेतकऱ्याने आखूड धाग्याच्या भरड कापसाचा हट्ट सोडला नाही आणि गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. १९१७ साली नेमलेल्या इंडियन कॉटन कमिटीच्या काळापासून हा सूर लागला, तो अजून उतरलेला नाही. ऐकायला ते शहाणपणाचे वाटते. खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याच्या बाजारांचा त्या काळचा हिशेब मात्र वेगळे सांगतो.

आधी कापूसच पाहू. घाटाखालच्या पूर्णाकाठच्या काळ्या जमिनीत जुन्या, लांब धाग्याच्या बणीची जागा आखूड धाग्याच्या रोझियम जातीने घेतली, ती अडाणीपणाने नव्हे. बणीपेक्षा रोझियमचे पीक हमखास येई आणि जिनमध्ये त्याच्या शंभर शेर कापसातून चाळिसाच्या घरात रुई निघे. बणीचा उतारा याहून बराच कमी. लांब धाग्याला मिळणाऱ्या जादा भावाने ही तूट भरून निघत नव्हती. हा हिशेब मुंबईच्या तज्ज्ञांना चुकीचा वाटला, पण पेरणाऱ्याला तो बरोबर वाटला आणि तोच बरोबर होता. कारण या रुईला गिऱ्हाईक होते, आणि ते मँचेस्टर नव्हते. ‘उमरा’ या व्यापारी नावाने मुंबईहून जाणारी ही रुई जपानच्या गिरण्या इतर कापसात मिसळून स्वस्त सूत काढायला वापरत. १९२० नंतर हिंदुस्थानच्या कापूस निर्यातीचा निम्म्याच्या आसपास वाटा एकटा जपान उचलत होता. जर्मनी, इटली, बेल्जियमही घेत. रॅली आणि फोलकार्ट या युरोपीय व्यापारी कंपन्या तर आधीपासूनच होत्या. त्यांच्या जोडीला तोयो मेंका आणि गोशो या जपानी कंपन्यांचे खरेदीदारही आतल्या बाजारांत उतरले, ते काही नको असलेला माल घ्यायला नव्हे.

विरोधकांच्या एका मुद्द्यात तथ्य आहे. कापसात भेसळ होई आणि वजन वाढावे म्हणून त्यावर पाणी मारले जाई. पण हे उद्योग मुख्यतः जिन-प्रेसच्या आवारात आणि मालाच्या वाहतुकीत चालत. म्हणून तर १९२३ चा कापूस वाहतूक कायदा आणि १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कायदा करावा लागला. शेतावर पोलीस ठेवायचा कायदा कोणी केला नाही.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. १९३१-३२ मध्ये जपान खरोखरच अमेरिकन कापसाकडे वळला. पण कधी? अमेरिकेत अफाट पीक येऊन तिथला भाव कोसळला आणि अमेरिकन व उमरा यांच्या किमतीतले अंतर जवळजवळ मिटले तेव्हा. तेवढ्याच पैशात लांब धागा मिळत असेल तर आखूड कोण घेईल? अंतर पुन्हा वाढताच गिऱ्हाईक परतले. हा भावाचा खेळ होता.

खरा तडाखा १९३३ चा. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णचलन सोडले आणि येन घसरला. जपानी कापड मुंबईत मातीमोल विकू लागले. मुंबईच्या गिरण्या आणि लँकेशायर दोघेही ओरडले. जून १९३३ मध्ये सरकारने ब्रिटिश सोडून इतर परदेशी सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. ओसाकाच्या गिरणीवाल्यांनी उत्तर दिले ते हिंदी कापसावर बहिष्कार टाकून. कापडाच्या भांडणात जकात बसली परक्याच्या ठाणावर आणि फटका बसला खामगावच्या रुईला. पुढे सिमला-दिल्लीत महिनोन्‌महिने वाटाघाटी झाल्या. जानेवारी १९३४ मध्ये ठरले ते असे: जपानने वर्षाला १० लाख गाठी घेतल्या तर ३२.५ कोटी यार्ड कापड पाठवता येईल, १५ लाख घेतल्या तर ४० कोटी यार्ड, आणि जकात ५० टक्के. कराराचा कणा गाठींची संख्या होता. धाग्याच्या लांबीवर कोट्याची एकही पायरी बांधलेली नव्हती. ज्या मालाला जग नाकारत होते म्हणतात, त्याच मालाच्या गाठी मोजून दोन सरकारे कापडाचा कोटा ठरवत होती! पुढच्या हंगामांत जपानी खरेदी १० लाखांच्या बरीच पुढे गेली, आणि कापूस तोच होता.

मग शेतकरी बुडाला कशाने? निम्मे उत्तर जागतिक मंदीत आहे, ते सर्वांना ठाऊक आहे. देशाची निर्यात १९२८-२९ मधल्या सुमारे ३३९ कोटी रुपयांवरून १९३२-३३ मध्ये सुमारे १३६ कोटींवर आली. उरलेल्या निम्म्याबद्दल कमी बोलले जाते. १९२७ साली रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स असा कायद्याने बांधला गेला. पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग कमिशनमध्ये भिन्नमतपत्रिका लिहून १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरला होता, तो मानला गेला नाही. फरक दोन पेन्सांचा, पण मोजून पाहा. परदेशात एका पौंडाला विकलेल्या मालाचे जुन्या दराने १५ रुपये होत, नव्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. आणि सारा? वऱ्हाडात रयतवारी बंदोबस्त होता, साऱ्याचा आकडा दीर्घ मुदतीसाठी ठरलेला. कापूस पडला म्हणून तो आपोआप खाली येत नसे. सावकाराचे व्याजही नाही.

ती तूट घरातल्या दागिन्यांनी भरली. १९३१-३२ या एका वर्षात देशातून सुमारे ५८ कोटी रुपयांचे सोने बाहेर गेले. चढ्या भावाचा लोक फायदा घेत आहेत, असा सरकारी युक्तिवाद होता. पेढीवाल्यांबाबत तो खराही असेल. पण कापसाचा भाव पडलेला असताना कुणब्याच्या घरातली पाटली मोडली जाते, तिला नफेखोरी म्हणायला मन फार घट्ट लागते.

उमऱ्याची जपानी बाजारपेठ अखेर बंद झाली तीही धाग्यामुळे नव्हे. जुलै १९४१ मध्ये ब्रिटिश सरकारने जपानी मालमत्ता गोठवली आणि या कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. त्या वर्षी घाटाखाली पेरलेला कापूस आदल्या वर्षाहून एका सुतानेही आखूड नव्हता.