परांचीवरून कामगार पडला तर भरपाई कोणाच्या खिशातून? छोट्या ठेकेदारांना न दिसणारं 15 लाखांचं ओझं

दुमजली घराचं काम, पाच-सहा कामगार, त्यातले दोन सकाळी नाक्यावरून आणलेले. परांची सुटते आणि 30 वर्षांचा गवंडी खाली पडून दगावतो. पुढे काय होतं, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुकादम मध्ये पडतो, लाख-दोन लाखांवर बोलणी होतात, स्टॅम्प पेपरवर सह्या होतात. प्रकरण मिटलं, असं ठेकेदार समजतो.

कायद्याच्या लेखी ते मिटलेलं नसतं.

कामावरच्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, हा नियम 1923च्या कायद्यापासून आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला, गाभा तोच राहिला. मृत्यूची भरपाई सरकारी प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही आणि हक्क सोडल्याचा कागदही टिकत नाही. म्हणजे दोन लाख देऊनही ठेकेदार सुटत नाही आणि विधवेला तिच्या हक्काचा छोटासा तुकडाच मिळतो.

हक्क किती?

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. केंद्राने 2020 मध्ये यासाठी वेतनाची मर्यादा 15 हजार रुपये केली. वयाच्या तिशीसाठी आकडा आहे 207.98. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, एकूण 15,59,850 रुपये. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

‘हेल्मेट दिलं होतं, त्याने घातलं नाही’ हा बचाव मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात चालत नाही. पूर्ण अपंगत्व म्हणजे काय, हेही कामावरून ठरतं. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेला सुतार सुतारकामापुरता पूर्ण अपंगच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच म्हटलं आहे.

बिल्डरने काम पोटठेक्याला दिलं असेल, तर भरपाई बिल्डरकडूनही मागता येते. स्वतःचं घर बांधणाऱ्या मालकाचं तसं नसतं, कारण बांधकाम हा त्याचा धंदा नाही. तिथे कुटुंबासमोर उरतो तो फक्त ठेकेदार. त्याच्याकडे बहुतेकदा मिक्सर, सेंट्रिंगच्या प्लेटा आणि उधारी एवढंच असतं.

पॉलिसी घेतली, तरी इथे फसगत

म्हणूनच भरपाईची पॉलिसी, जिला बाजारात आजही ‘वर्कमेन कॉम्पेन्सेशन’ म्हणतात, ती हवी. हप्ता एकूण मजुरी आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. तो वाचवायला दहा कामगारांऐवजी चार दाखवले किंवा मजुरी कमी लिहिली, की दाव्याच्या वेळी कंपनी हजेरी वही मागते आणि रक्कम कापते. पोटठेकेदाराची माणसं वेगळी नोंदवावी लागतात. उपचाराच्या खर्चाला बऱ्याचदा मर्यादा असते, उशिराचा दंड तर सहसा पॉलिसीत बसतच नाही. ग्रुप अपघात विम्याने ही कायदेशीर जबाबदारी संपत नाही. बांधकाम कामगार मंडळाकडून नोंदणीकृत कामगाराच्या वारसांना मिळणाऱ्या मदतीनेही नाही.

सरकारी निविदेत विम्याची अट असते. खासगी घरकामात मात्र कोणी विचारत नाही, आणि खरी अडचण हीच आहे. दोन कोटेशनमध्ये स्वस्त दिसणारं बऱ्याचदा हा हप्ता वगळूनच स्वस्त झालेलं असतं. तेव्हा चौरस फुटाचा दर ठरवतानाच घरमालकाने किंवा आर्किटेक्टने पॉलिसीची प्रत मागावी. तीवर साईटचा पत्ता, कामगारांची संख्या आणि मुदत पाहावी. पावसाळ्यामुळे काम लांबलं, तर पुढच्या स्लॅबआधी मुदत वाढवून घ्यायला सांगावी.