आठवड्यांचा हिशेब

सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी गर्भपाताच्या हक्कासंबंधी जो निर्णय दिला त्याचे देशभर स्वागत झाले. त्याच न्यायालयाने 16 ऑक्टोबर 2023 रोजी दुसऱ्या एका स्त्रीला गर्भपाताची अनुमती नाकारली, तेव्हा आदल्या वर्षी स्वागत करणारेच हळहळले. वर्षभराच्या अंतराने उमटलेल्या या दोन प्रतिक्रिया शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे आपल्या सुशिक्षित समाजाचे लक्ष कोठे आहे आणि कोठे नाही, हे स्वच्छ दिसते. आमच्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे कसे पाहावे, हे सांगणे त्यामुळेच आवश्यक झाले आहे.

पहिल्या प्रकरणातील स्त्री पंचवीस वर्षांची, अविवाहित. पाच भावंडांतील थोरली, आईवडील शेतकरी, स्वतःला उत्पन्नाचे साधन नाही. जोडीदाराने ऐन वेळी लग्नास नकार दिला. जुलै 2022च्या आरंभी केलेल्या तपासणीत गर्भ 22 आठवड्यांचा असल्याचे निष्पन्न झाले. कायद्यातील नियमांत विसाव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत गर्भपाताची मुभा ज्या स्त्रियांना दिली आहे त्यांच्या यादीत विधवा आणि घटस्फोटित आहेत, पण अविवाहित स्त्रीचा उल्लेख नाही. या कारणास्तव दिल्ली उच्च न्यायालयाने 15 जुलैला तिला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने 21 जुलैच्या अंतरिम आदेशाने तिची सुटका केली व सप्टेंबरमधील अंतिम निर्णयात विवाहित आणि अविवाहित हा भेद घटनाबाह्य ठरवला. पतीने केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारच मानावी, असेही न्यायालयाने सांगितले. निर्णय निःसंशय पुरोगामी आहे आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो.

परंतु त्या वेळी वृत्तपत्रांतून जो सूर उमटला तो मुख्यतः अभिमानाचा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 24 जून 2022 रोजी 1973 सालचा आपलाच निर्णय उलटवून तेथील स्त्रियांचा घटनात्मक हक्क हिरावून घेतला होता. तेव्हा भारत अमेरिकेच्या पुढे गेला, या आनंदातच आमचे अनेक विद्वान दंग झाले. पुढच्या वर्षी दोन मुलांच्या एका आईचे प्रकरण आले. धाकटे मूल अंगावर पिणारे, त्यामुळे पाळी सुरूच झालेली नव्हती आणि दिवस राहिल्याचे फार उशिरा कळले. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर तिचे उपचार चालू होते. दोन न्यायमूर्तींच्या पीठाने 9 ऑक्टोबरला दिलेली परवानगी दोन दिवसांत मतभेदात अडकली आणि तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती शेवटी नाकारली. गर्भ 26 आठवडे 5 दिवसांचा झाला होता. मग चर्चा सुरू झाली ती गर्भाच्या हृदयाच्या ठोक्यांची, न जन्मलेल्या जीवाच्या हक्काची, आणि चोवीस योग्य की सव्वीस योग्य, याची.

या साऱ्या चर्चेत एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. हे आठवडे जातात कोठे? गर्भपात उशिरा करून घ्यावा अशी हौस कोणत्याही स्त्रीला नसते. जितका उशीर तितका धोका आणि तितका खर्च, हे खेड्यातल्या निरक्षर बाईलाही पक्के ठाऊक असते. असे असता बाविसाव्या, चोविसाव्या, सव्विसाव्या आठवड्यात जी स्त्री न्यायालयाच्या दारात उभी राहते, तिचे आधीचे आठवडे कोणी खाल्ले, याचा हिशेब मांडल्याशिवाय हक्काची भाषा पोकळ राहते.

हा हिशेब अवघड नाही. पहिले चार-सहा आठवडे कळण्यातच जातात. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो, पण गावाजवळच्या केंद्रात गोळ्या असतील तर प्रशिक्षित डॉक्टर नसतो आणि डॉक्टर असेल तर त्याची इच्छा नसते. नवऱ्याची सही आण, सासूला घेऊन ये, लग्नाचा दाखला दाखव, अशा अटी घातल्या जातात. वास्तविक सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिच्या एकटीच्या संमतीखेरीज कोणाचीही संमती कायदा मागत नाही. तालुक्याच्या रुग्णालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मोठ्या शहराला धाडले जाते. प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो आणि एसटीचे भाडे पडते. गर्भातील गंभीर व्यंग बहुधा अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसते, पण ती सोनोग्राफी वेळेवर होते कोणाची? अत्याचाराला बळी पडलेली अल्पवयीन मुलगी आली की पोलिसांच्या भीतीने डॉक्टर हात झटकतो. तिचे नाव उघड न करता उपचार करता येतात, हे 2022च्या निर्णयाने सांगितले असले तरी ते किती दवाखान्यांपर्यंत पोचले आहे? अखेर चोवीस आठवडे उलटतात, वैद्यकीय मंडळ बसते, न्यायालयाची तारीख पडते आणि त्या तारखांतही दिवस जातात.

ज्यांच्यासाठी वकील उभा राहतो त्या स्त्रिया तरी किती? देशात 2015 साली सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांपैकी रुग्णालयात वा दवाखान्यात झालेले जेमतेम 22 टक्के. जवळजवळ तीन चतुर्थांश गर्भपात दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झाले आणि सुमारे 5 टक्के स्त्रियांनी त्याहून घातक मार्ग पत्करले. कायदा होऊन तेव्हा चव्वेचाळीस वर्षे लोटली होती. न्यायालयाचा निर्णय या कोट्यवधी स्त्रियांच्या अंगणापर्यंतही पोचत नाही.

याचे मूळ कायद्याच्या जन्मातच आहे. केंद्र सरकारने 1964 साली शांतीलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, 1966च्या अखेरीस तिचा अहवाल आला आणि 1971 साली कायदा झाला. असुरक्षित गर्भपातांत मरणाऱ्या स्त्रियांची कणव त्यामागे होती, हे मान्य केले पाहिजे. पण लोकसंख्येला आळा घालण्याची घाईही होती. त्यामुळे गर्भपात हा मूळ फौजदारी कायद्यात गुन्हाच राहिला आणि ठराविक अटी पाळणाऱ्या डॉक्टरला तेवढे संरक्षण मिळाले. इंग्रजांची दंडसंहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी हा गुन्हा तिच्यातही कायम आहे. स्त्रीला हवे म्हणून गर्भपात, असे हा कायदा कोठेच म्हणत नाही. डॉक्टरचे मत झाले म्हणून गर्भपात, असे तो म्हणतो. ज्या राज्यसंस्थेने 1976 साली याच महाराष्ट्रात सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत करून घेतले, तिला स्त्रीच्या इच्छेची कदर या कायद्यातून अचानक सुचली असेल, असे मानणे भोळेपणाचे होईल. ते विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अमलात आले नाही, एवढेच.

अमेरिकेच्या उदाहरणावरूनही आपण हाच धडा घ्यावयास हवा होता. तेथील हक्क 2022 साली गेला असे म्हणतात, पण गरीब स्त्रीपुरता तो फार आधीच गेला होता. 1976 साली तेथील काँग्रेसने गरिबांच्या वैद्यकीय योजनेतला केंद्राचा पैसा गर्भपातासाठी वापरण्यास, काही अपवाद वगळता, बंदी केली. ज्या मिसिसिपी राज्याच्या कायद्यावरून हा खटला उभा राहिला, त्या सबंध राज्यात तेव्हा गर्भपाताचे एकच केंद्र उरले होते. हक्क घटनेत होता, पण त्याच्याकडे जाणारी वाट बंद झाली होती. मात्र त्याच देशातली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत, 2 ऑगस्ट 2022 रोजी, कॅन्सससारख्या सनातनी वळणाच्या राज्यात लोकांनी मतदान केले आणि सुमारे 59 टक्के मतदारांनी गर्भपाताचे संरक्षण काढून टाकण्यास नकार दिला. न्यायालयाने जे काढून घेतले त्याचे रक्षण घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी केले.

आपल्याकडे विरोधाचे दोन मुद्दे वारंवार पुढे येतात. पहिला नीतीचा. अविवाहित मुलींना मोकळे रान मिळेल, असे 2022च्या निर्णयानंतरही म्हटले गेले. महाराष्ट्राने तरी हा मुद्दा पुन्हा ऐकून घेण्याचे कारण नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते फसवल्या गेलेल्या विधवांना नीतीचे पाठ देण्यासाठी नव्हे, तर त्यांचा जीव वाचवण्यासाठी. सुरतेच्या न्यायालयाने 1881 साली एका तरुण विधवेला भ्रूणहत्येसाठी फाशी सुनावली आणि पुढे ती शिक्षा सौम्य करण्यात आली, तेव्हा वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक झाली. त्या चिखलफेकीला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. पाप दोघांचे असता शिक्षा एकीलाच का, हा त्यांचा सवाल होता. दीडशे वर्षे होत आली, तरी न्यायालयाच्या दारात उभी राहते ती एकटी स्त्रीच.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर, कारण तो आपल्याच मित्रांकडून येतो. गर्भपात सुलभ झाला तर मुलींचे गर्भ अधिक मारले जातील, असे ते म्हणतात. 2011च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे केवळ 807 मुली होत्या. ही लाजिरवाणी गोष्ट कोणी नाकारीत नाही. गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा याच महाराष्ट्राने 1988 साली केला आणि त्यामागे चळवळीचे बळ होते. पण त्या कायद्याने गुन्हा ठरवला तो लिंग तपासून सांगण्याचा. चाचणी करणारा धनाढ्य डॉक्टर मोकळा सोडायचा आणि औषधाच्या दुकानातून गोळ्या नाहीशा करून गरीब बाईची कोंडी करायची, ही त्या कायद्याची अंमलबजावणी नव्हे, विटंबना आहे.

त्याच बीड जिल्ह्याकडे आणखी एका कारणासाठी पाहा. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयांचा प्रश्न 2019 साली ऐरणीवर आला आणि सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मुकादमाची उचल डोक्यावर, पाळीच्या दिवसात खाडा झाला की दंड आणि उपचाराला खाजगी दवाखान्यावाचून थारा नाही. अशा स्थितीत गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला तिला चटकन मिळतो. ते कायमचे काढताना तिला कोणी वैद्यकीय मंडळापुढे नेले नाही, तिच्या भावी अपत्यांच्या हक्काची चर्चा केली नाही. तीच स्त्री नको असलेले गर्भारपण थांबवू म्हणाली तर मात्र कारणे द्यावी लागतात, कागद दाखवावे लागतात. तिच्या शरीरावर तिच्याखेरीज साऱ्यांचा हक्क आहे, हे याहून उघडपणे कसे सिद्ध व्हावे?

2022च्या निर्णयात एक भाग असा आहे की ज्याची फारशी वाच्यता झाली नाही. प्रत्येक जिल्ह्यात ही वैद्यकीय सोय व प्रशिक्षित डॉक्टर असले पाहिजेत आणि खर्च सर्वांना परवडला पाहिजे, हे शासनाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने त्यात बजावले आहे. आम्हांस हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कारण त्यात हक्काला पत्ता दिला आहे: अमुक जिल्हा, अमुक रुग्णालय.

आमच्या कार्यकर्त्यांनी काम सुरू करावे ते येथून. सरकारने चालवलेले प्रत्येक रुग्णालय कायद्याने गर्भपातासाठी मान्य केंद्र आहे. तेव्हा आपल्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा: येथे गर्भपाताची सोय चालू आहे काय? आठवड्यातून किती दिवस? प्रशिक्षित डॉक्टर कोण? भूलतज्ज्ञ कधी येतो? गोळ्यांचा साठा आहे काय? उत्तरे लेखी घ्या आणि गावसभेत वाचून दाखवा. नवऱ्याची सही लागत नाही, बाईचे नाव फोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, या दोन गोष्टी आशा कार्यकर्त्यांच्या बैठकीत, बचत गटात, ऊसतोड कामगारांच्या तळावर पुनःपुन्हा सांगा. पहिल्या बारा आठवड्यांत स्त्रीच्या केवळ मागणीवर गर्भपात व्हावा आणि तो फौजदारी कायद्याच्या कक्षेबाहेर काढावा, ही मागणी कायदेमंडळापुढे ठेवलीच पाहिजे. परंतु तिला जोर यायचा तो तालुक्यातल्या या कामातूनच.

नर-नारी समतेला डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत स्थान दिले, ते व्यासपीठावरील भाषणाच्या शोभेसाठी नव्हे. एखादी स्त्री सहाव्या आठवड्यात निर्धास्तपणे गावाजवळच्या सरकारी रुग्णालयात जाते आणि संध्याकाळी घरी परतते, याची बातमी कोठे छापून येत नाही, कोणी न्यायमूर्ती त्यावर मत देत नाही. तशा बिनबातमीच्या दिवसांची संख्या आपल्या तालुक्यात किती वाढली, याचा हिशेब पुढच्या वर्षी प्रत्येक शाखेने द्यावा.