रथ नंतर, आधी गल्ली

गोव्याचा कार्निव्हल पाहून आलेल्या छोट्या शहरांतल्या उत्साही मंडळींना पहिली आठवण होते ती चित्ररथांची. ट्रक, ध्वनिवर्धक, प्रायोजकांचे फलक! पण पणजीची ही मिरवणूक तशी अलीकडची. टिमोटिओ फर्नांडिस यांनी ती 1965 मध्ये सुरू केली. त्याआधीचा गोव्याचा ‘इंत्रूज’ गावोगावी, अंगणांत रंगत असे. ख्रिस्ती उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो; त्याआधी पोटभर खाऊन, हसून घ्यायचे, एवढाच त्याचा बेत.

तो इंत्रूज आजही जिवंत आहे. दिवाडी बेटावर मुखवटे घातलेले पोटेकर पोरांच्या मागे धावतात. चांदोरला मुसळे आपटत मुसळखेळ होतो, साष्टीच्या गावांत ‘खेळ’ मंडळ्या फिरतात आणि पुढाऱ्यांची खुशाल खिल्ली उडवतात. मिरवणुकीचा राजा असलेल्या किंग मोमोच्या रथापेक्षा खरी मजा इथेच आहे. चित्ररथांच्या बाजारूपणावर गोव्यातल्या चर्चनेही वेळोवेळी नापसंती दाखवली आहे, ती उगाच नव्हे.

मग गोव्याबाहेर, परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा-नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्यासारख्या गावाला रथांचा खर्च परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला फेब्रुवारीतच सर्व धर्मांचे लोक गर्दी करतात. एकत्र येणे या जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. सोंगे तर भारुडामुळे ओळखीचीच. पूर्णा किंवा परभणीत कोणाला कार्निव्हल करायचाच असेल, तर आधी स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना विचारावे, एक गल्ली निवडावी आणि प्रायोजकाला पहिली काही वर्षे दाराबाहेरच ठेवावे.